घरचे मांजर, परसातील माती आणि आपली मुले

आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा आग्रह संपादक मंडळाने केला, तेव्हा विषय निवडण्यात आम्ही फार वेळ घालविला नाही. संस्थेच्या कार्याचा गौरव करणारी अधिकारी मंडळी या अंकात पुष्कळ आहेत. शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या माणसाने संस्थेच्या कुटुंबांना रोजच्या व्यवहारात उपयोगी पडेल असे काही सांगावे, हे अधिक बरे. म्हणून आम्ही मांजरावर लिहीत आहोत. अधिक नेमके सांगावयाचे तर मांजराच्या पोटातील जंतांवर. विषय ऐकून कोणी नाक मुरडील. परंतु ज्या घरी लहान मूल आहे किंवा लेक बाळंतपणास आली आहे, त्या घरी तरी हा लेख शेवटपर्यंत वाचला जावा, अशी विनंती आहे.

या विषयाकडे आम्हांस वळविले ते एका विद्यार्थ्याने. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीतील एक मुलगा, एरवी हसतखेळत असणारा, मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून एकटाच बसला होता. खोदून विचारले तेव्हा म्हणाला, "सर, आमच्या मनीला रविवारी पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येणार आहेत. ताई बाळंतपणाला आली आहे ना! आजी म्हणते, मांजराचा केस पोटात गेला तर बाळाला बाधतो."

आम्ही त्याला धीर दिला आणि तिसऱ्या प्रहरी वर्गात अंधश्रद्धेवर चांगले अर्धा तास बोललो. मांजर आडवे जाण्यापासून सुरुवात करून केसापर्यंत आलो. मुले हसली. आपण एक भ्रम दूर केला, अशा समाधानात घरी गेलो. रात्री, उद्या त्या आजींना भेटावयाचे तर थोडी तयारी असावी, म्हणून पुस्तके काढून बसलो. आणि जसजसे वाचीत गेलो तसतसे आमचे समाधान ओसरत गेले. केसाची गोष्ट चुकीची होती. पण गर्भवती स्त्री आणि मांजर यांच्यासंबंधीची भीती सर्वस्वी निराधार नव्हती. आजींना धोका कळला होता, त्याचे ठिकाण कळले नव्हते. आम्हांस मात्र दोन्ही माहीत नसता आम्ही वर्ग हसविला होता. त्या रात्री जे वाचले आणि पुढे जे ताडून पाहिले, त्याचे सार येथे देत आहोत.

मांजराच्या पोटात काय काय राहते?

मांजराच्या आतड्यात राहणाऱ्या परोपजीवी जीवांत माणसाच्या दृष्टीने चार महत्त्वाचे आहेत.

पहिला गोलकृमी. शास्त्रज्ञ त्याला टोक्सोकारा कॅटी म्हणतात. रंगाने फिकट, दिसावयास उकडलेल्या शेवयांसारखा, लांबी साधारणतः चार ते दहा सेंटिमीटर. पिलांना तो बहुधा आईच्या दुधातूनच मिळतो. म्हणून महिन्या-दीड महिन्याच्या गोजिरवाण्या पिलाचे पोट नगाऱ्यासारखे फुगलेले असले, तर ते दूध पिऊन फुगले आहे असे समजू नये. मोठ्या मांजराला तो उंदीर खाऊन किंवा मातीत पडलेली अंडी पोटात जाऊन होतो. मादी कृमी दररोज हजारो अंडी घालते आणि ती सर्व विष्ठेवाटे बाहेर पडतात.

दुसरा अंकुशकृमी. हा जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा. आतड्याच्या आतील बाजूस तोंड रोवून रक्त शोषतो. याची अंडी दमट मातीत फुटतात आणि त्यांतून निघालेल्या सूक्ष्म अळ्या कातडीतून आत शिरू शकतात.

तिसरा पट्टकृमी, म्हणजे फितीसारखा चपटा, अनेक पेरांचा जंत. त्याची सुटी झालेली पेरे मांजराच्या शेपटीखाली किंवा निजण्याच्या जागी तांदळाच्या दाण्यांसारखी दिसतात; ताजी असली तर वळवळतातही. हा जंत पसरतो पिसवांमार्फत. पिसवेची अळी त्याची अंडी खाते, पुढे ती पिसू अंग चाटताना मांजर गिळते, आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते.

चौथा जीव जंत नव्हेच. तो एका पेशीचा, सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारा आदिजीव असून त्याचे नाव टोक्सोप्लाझ्मा गोंडी. १९०८ साली ट्युनिस येथे शार्ल निकोल व लुई मांसो यांना तो 'गुंडी' नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात सापडला. नावातील 'गोंडी' तेथून आला. त्याचा मांजराशी संबंध मात्र पुढे सुमारे साठ वर्षे कोणाच्या ध्यानी आला नव्हता. १९६५ मध्ये स्कॉटलंडमधील हचिसन या संशोधकाने, मांजराच्या विष्ठेतून हा रोग उंदरांना होतो असे दाखविले. पण गंमत अशी की, हा जीव गोलकृमीच्या अंड्यात बसून प्रवास करीत असावा, अशी त्याला शंका होती. गोलकृमीवरील तो आळ लवकरच दूर झाला. १९७० च्या सुमारास निश्चित झाले की, हा जीव मांजराच्या आतड्यात स्वतःच वाढतो आणि आपली स्वतंत्र बीजकोशिका विष्ठेवाटे बाहेर टाकतो. मांजर व त्याच्या कुळातील वाघ-बिबळ्यांसारखे प्राणी सोडले, तर इतर कोणत्याही प्राण्याच्या आतड्यात त्याला असे बीज धरता येत नाही.

माणसाला काय होते?

गोलकृमीचे अंडे मुलाच्या पोटात गेले तर आतड्यात त्याची अळी बाहेर पडते; पण माणसाचे शरीर हे तिचे घर नव्हे. तिला तेथे पूर्ण वाढता येत नाही, म्हणून ती वाट चुकलेल्या प्रवाशासारखी हिंडत राहते. यकृतात जाते, फुप्फुसात जाते, क्वचित डोळ्यात जाते. पुष्कळांना काहीच त्रास होत नाही. काही मुलांना मात्र रेंगाळणारा ताप, खोकला, धाप, पोटदुखी होते, यकृत वाढते, आणि रक्त तपासले तर इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या आढळतात. १९५२ साली अमेरिकेत बीव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तीन मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि या विकाराला नाव दिले. अळी डोळ्यात गेली तर बहुधा एकाच डोळ्याची दृष्टी मंदावते, आणि लहान मूल ते सांगू शकत नाही. कुत्र्याच्या पोटातही याच जातीचा भाऊबंद राहतो, आणि माणसाच्या या विकारात मांजरापेक्षा तोच अधिक वेळा जबाबदार धरला जातो, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

येथे एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. ही अळी मुलाच्या आतड्यात वाढत नसल्यामुळे मुलाची शौचतपासणी केली तरी तीत काही सापडत नाही. निदान रक्ततपासणीने होते. म्हणून असा त्रास असणाऱ्या मुलाला डॉक्टरांकडे नेल्यावर, घरात मांजर किंवा कुत्रा आहे आणि मूल माती खाते, ही हकीकत आपण होऊन सांगावी. ती विचारली जाईलच असे नाही.

अंकुशकृमीच्या अळीचा प्रकार निराळा. अनवाणी पायातून किंवा उघड्या अंगातून ती कातडीत शिरते आणि आतल्या आत पुढे सरकत राहते. लाल, खाजरी, नागमोडी रेघ उमटते आणि ती दररोज थोडीथोडी लांबत जाते. उष्ण प्रदेशांतील समुद्रकिनारी हा विकार विशेष आढळतो. सुट्टीत मुलांना गोव्याच्या किंवा मालवणच्या किनाऱ्यावर नेणाऱ्यांनी पायांत चपला ठेवाव्यात, आणि कोरड्या वाळूवर लोळण्यापूर्वी खाली चटई अंथरावी. रेघ उमटलीच तर घाबरू नये. औषधाने ती लवकर बरी होते.

पट्टकृमी माणसाला होतो तो पिसू चुकून गिळली तरच. असे बहुधा मांजरासह जमिनीवर लोळणाऱ्या तान्ह्या मुलांच्या बाबतीत घडते. त्रास सौम्य असतो आणि उपाय सोपा असतो.

राहिला टोक्सोप्लाझ्मा. धडधाकट माणसाला त्याची बाधा झालेली बहुधा कळतही नाही. थोडा ताप, गळ्याशी गाठी, इतकेच. पुढे तो शरीरात निपचित पडून राहतो. रोगप्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णांना तो मेंदूचा घातक विकार करू शकतो. आणि गर्भवती स्त्रीला गर्भारपणातच त्याची पहिली बाधा झाली, तर तो गर्भापर्यंत पोहोचू शकतो. पहिल्या महिन्यांत असे क्वचित घडते, पण घडले तर गर्भपात, मेंदूत पाणी होणे, दृष्टी जाणे असे गंभीर परिणाम होतात. शेवटच्या महिन्यांत गर्भाला बाधा होण्याची शक्यता वाढते, परिणामांची तीव्रता कमी होते. तरी डोळ्यांचा विकार काही वर्षांनीही दिसून येऊ शकतो. जिला ही बाधा गर्भारपणापूर्वीच कधीतरी होऊन गेली आहे, तिच्या बाळाला सहसा धोका नसतो. म्हणून रक्ताच्या अहवालात जुन्या बाधेची खूण दिसली, तर तेवढ्यावरून कोणी घाबरून जाऊ नये. त्या कागदाचा अर्थ डॉक्टरांनीच सांगावा, शेजारणीने नव्हे.

दोष केसाचा नव्हे, काळाचा

आता आजींच्या केसाकडे येऊ. मांजराचा केस पोटात गेला तर तो इतर केसांप्रमाणेच बाहेर पडतो. त्याने गर्भाला बाधा होत नाही, पोटात गाठही होत नाही. यकृतात पाण्याच्या गाठी करणारा एक जंत आहे खरा, पण तो कुत्रा व मेंढी यांच्या मार्फत फिरतो. मांजराच्या केसाशी त्याचा संबंध नाही.

खरी गोष्ट ही की, मांजराच्या ताज्या विष्ठेतील गोलकृमीचे अंडे किंवा टोक्सोप्लाझ्माची बीजकोशिका त्या क्षणी कोणालाही बाधू शकत नाही. तिला पिकावे लागते. टोक्सोप्लाझ्माला पिकावयास एक ते पाच दिवस लागतात. गोलकृमीच्या अंड्याला दोन ते चार आठवडे. एकदा पिकल्यावर मात्र दमट सावलीच्या मातीत टोक्सोप्लाझ्मा वर्षभराहून अधिक, आणि गोलकृमीची अंडी काही वर्षे जिवंत राहू शकतात. शिवाय मांजर टोक्सोप्लाझ्मा बाहेर टाकते ते बहुधा आयुष्यात एकदाच, पहिली बाधा झाल्यावर एक ते तीन आठवडे. मांजर सदोदित अंग चाटून स्वच्छ ठेवीत असल्यामुळे, केसावर अंडे चिकटून तेथेच पिकण्याइतका काळ राहावे, असे सहसा घडत नाही.

याचा अर्थ उघड आहे. मांडीवर बसून घुरघुरणारे मांजर हा मुख्य धोका नव्हे. धोका आहे तो महिन्यापूर्वी कोपऱ्यात पुरली गेलेली, आता दिसतही नसलेली घाण, आणि त्या मातीत खेळून न धुतलेला हात, यांत. मांजर मऊ, मोकळी माती शोधते. तुळशीवृंदावनाभोवतीची जागा, कुंड्या, अळूचा वाफा, आणि घर बांधावयाचे म्हणून रस्त्याकडेला ओतलेला वाळूचा ढीग, या तिच्या आवडत्या जागा. आणि नेमक्या मुलांच्याही. आपल्या बेळगावकडे दिवाळीत अंगणोअंगणी किल्ले होतात. त्यांची माती कोठून येते, आणि तटबंदी लिंपून झाल्यावर मुले त्याच हातांनी चकलीच्या डब्याकडे कशी धावतात, हे आपण सर्वच जाणतो.

आम्हांस येथे आणखी एक गोष्ट आठवली. मुसलमानांच्या घरी मांजराला पूर्वापार मान आहे. हजरत अबू हुरैरा यांच्या नावाचाच अर्थ 'मांजरीच्या पिलाचा पिता' असा होतो. मांजर घरात फिरणारे सोबती आहे, त्याने तोंड लावलेले पाणी नापाक ठरत नाही, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आणि त्याची विष्ठा मात्र नापाक, ती लागली तर धुतलेच पाहिजे, हेही त्याच वडीलधाऱ्यांनी शिकविले. धर्माची शुद्धता आणि आरोग्याची स्वच्छता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ करू नये. तरी स्पर्श आणि विष्ठा यांत फरक करावा, ही शिकवण या विषयात आम्हांस फार उपयोगी पडली.

आणि टोक्सोप्लाझ्माच्या बाबतीत सर्व दोष मांजराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. अर्धवट शिजलेले मांस, न धुतलेला भाजीपाला आणि दूषित पाणी यांतूनही तो येतो. १९९५ मध्ये कॅनडातील व्हिक्टोरिया शहरात या रोगाची साथ आली, आणि २००४-०५ मध्ये आपल्याच देशात कोइमतूर येथे डोळ्यांच्या या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. दोन्ही ठिकाणी संशय शहराच्या पाणीपुरवठ्यावर गेला. ज्यांच्या घरी मांजर कधी फिरकलेही नाही, त्यांनाही पाणी, मांस आणि भाजी यांची काळजी घेतलीच पाहिजे.

काय करावे?

पिलू तीन आठवड्यांचे झाले की पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंताचे औषध सुरू करावे. दूध तुटेपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा, आणि पुढे बाहेर हिंडणाऱ्या मांजराला निदान दर तीन महिन्यांनी. व्यालेल्या मांजरीलाही पिलांबरोबर औषध द्यावे. माणसांच्या गोळ्या अंदाजाने देऊ नयेत; पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. तसेच कुत्र्याच्या पिसवांवरील काही औषधांत पर्मेथ्रिन असते, ते मांजराला विष आहे.

मांजरासाठी वाळूचे घमेले ठेवावे आणि त्यातील घाण दररोज, न चुकता काढून कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावी. झाडांना किंवा खतात घालू नये. आज काढलेली घाण पिकण्यापूर्वीच घराबाहेर गेली, म्हणजे निम्मे काम झाले. ही अंडी नेहमीच्या जंतुनाशकाला दाद देत नाहीत. घमेल्यात उकळते पाणी ओतून पाच मिनिटे ठेवावे. हे काम गर्भवती स्त्रीने करू नये. करणारे दुसरे कोणी नसेल तर हातमोजे घालून करावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत. बागकाम, भाजी निवडणे, कच्चे मांस हाताळणे, यांनंतरही हात धुवावेत. बकरी ईदच्या गडबडीत सुरी, पाट आणि हात यांकडे विशेष लक्ष द्यावे, आणि गर्भवतीच्या ताटात अर्धकच्चा कबाब येऊ देऊ नये. मांजरालाही कच्चे मांस घालू नये. डोहाळ्यांत माती खावीशी वाटणाऱ्या स्त्रिया आणि माती खाणारी मुले यांच्यावर रागावण्यापेक्षा त्यांना डॉक्टरांकडे न्यावे. अशी इच्छा पुष्कळदा रक्तक्षयाची खूण असते.

मनीचे काय झाले?

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या घरी गेलो. आजींना नमस्कार करून प्रथम आमचीच चूक कबूल केली. मग केसाची, मातीची आणि दिवसांची हकीकत सांगितली. आजींनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग मास्तर, सोडून आलं तर बिघडलं काय? कटकट तरी मिटेल."

आम्ही म्हणालो, "आजी, मांजर जाईल, पण परसात पडलेली अंडी कोठे जातात? ती येथेच राहतील. आणि नदीपलीकडे मनी ज्यांच्या दारी जाईल, त्यांच्याही घरी कोणाची तरी लेक बाळंतपणाला आली असेलच की."

आजी काही बोलल्या नाहीत. पण रविवारी पोते निघाले नाही. मनीला गुरांच्या दवाखान्यात नेऊन औषध पाजण्यात आले. दुसऱ्या दिवशी तिच्या घमेल्यात शेवयांसारखे चार-पाच जंत पडले, ते पाहून आजींनी पुन्हा पोते मागविले! जंत बाहेर पडले म्हणजे औषध लागू पडले, हे पटवून देण्यास आम्हांस आणखी एक फेरी घालावी लागली. घमेले साफ करण्याचे काम त्या मुलाने पत्करले, आणि परीक्षेच्या दिवसांतही चुकविले नाही. ताईच्या सर्व तपासण्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाल्या; मुलगी झाली, सुखरूप झाली. एका घरच्या अनुभवाने शास्त्र सिद्ध होत नाही, हे आम्ही वर्गात नेहमी सांगतो, आणि येथेही सांगतो. परंतु भीतीचे खरे कारण कळले की उपाय हाताशी येतो आणि त्यासाठी कोणाला पोत्यात घालावे लागत नाही, एवढे त्या घराने पाहिले.

शेवटी संस्थेच्या विश्वस्त मंडळास एक लहानशी सूचना करावीशी वाटते. आपल्या बालवाडीच्या अंगणात मुलांसाठी वाळूचा चौकोन आहे. संध्याकाळी फाटक बंद झाले की परिसरातील मांजरे त्याचा काय उपयोग करतात, हे रखवालदारास विचारावे. एक जाड ताडपत्री, चार कड्या आणि नळाशेजारी साबणाची वडी, एवढ्या खर्चात शे-दीडशे मुलांची काळजी मिटेल. महोत्सवी वर्षातील मोठ्या संकल्पांच्या यादीत एवढ्याशा गोष्टीसही जागा मिळावी. मुलांनी मातीत खेळावे, किल्ले बांधावेत, मांजरावर माया करावी, आणि जेवणापूर्वी हात धुवावेत. संस्थेच्या पुढील वाटचालीस आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा.